शंभराव्या वर्षी ब्लेझर कशाला? शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी १९७९ साली आपल्या शाळेतून दहावी झालो. माझी दोन्ही मुलं इथेच शिकली, आता नातू सहावीत आहे. शाळेचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. सोलापूरकरांना ते सांगावं लागणार नाही, आणि बाहेरच्यांच्या गावात अशी एखादी शाळा असेलच.

गेल्या महिन्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपलं परिपत्रक आलं. शताब्दी वर्षापासून पाचवी ते दहावीच्या मुलांची खाकी पँट आणि पांढरा शर्ट बंद. त्याऐवजी करड्या रंगाची पॉलिएस्टरची फुल पँट, लांब बाह्यांचा शर्ट, मरून ब्लेझर आणि पट्ट्यापट्ट्यांचा टाय. हे सगळं परगावच्या एकाच कंपनीकडून, तिच्या अ‍ॅपवरून घ्यायचं. एका मुलाचा खर्च सहा हजार आठशे रुपये, बूट वेगळे. कारण काय, तर ‘शाळेच्या ब्रिटिशकालीन वारशाला साजेसा गणवेश’. या विषयावर मी कार्यालयात दोन अर्ज दिले. दोन्हींवर पोच म्हणून शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत.

माझा या गोष्टीशी संबंध काय, ते आधी सांगतो. माझे वडील शिंपी. शाळेच्या मागच्या गल्लीत १९५६ ते १९९४ त्यांचं दुकान होतं. पाटी होती, पण नाव कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते ‘मास्तर’. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. खाकी ड्रिलची ठाणं भिंतीला टेकून उभी, आई काजं करतेय, मी बटणं लावतोय. वडील माप घेताना पोराला काही विचारत नसत, त्याच्या आईला विचारत, “गेल्या वर्षी कितीनं वाढला?” आणि त्या हिशेबानं माया सोडत. शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. कमरेला मागच्या शिवणीत दोन बोटं, खाली दुमडीत चार बोटं. दर जूनमध्ये दुमड उसवायची आणि चड्डी खाली सोडायची. वरचं खाकी धुऊन धुऊन फिकट झालेलं, खाली नव्यासारखी गडद पट्टी. त्या पट्ट्या मोजून पोरगं किती वर्षं एकाच चड्डीत आहे ते सांगता यायचं. मोठ्याची झाली की धाकट्याची. मागे बसायच्या जागी ठिगळ आलं तरी त्याची कुणाला लाज नव्हती, कारण वर्गात निम्म्यांना होतं.

आपण आणू पाहताय तसाच तयार, अस्तराचा, आतून फ्युजिंगचं कडक कापड चिकटवलेला कोट मी दुकानात जाऊन हातात घेऊन पाहिला. बाहीचं अस्तर उलटून पाहिलं. आत करंगळीएवढीसुद्धा माया नाही. बाराव्या वर्षी घेतलेला कोट तेराव्या वर्षी कपाटात जाणार.

आता तक्रारी.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली, ‘वारसा’ या शब्दाची. शाळेचा वारसा काय होता हे बघायला लांब जायची गरज नव्हती. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात तो खिळ्यांना टांगलेला होता. दर वर्षीच्या शेवटच्या वर्गाचे फोटो. गेल्या दिवाळीत ते उतरवून तिथे शताब्दीचा फ्लेक्स लावला, त्यावर ब्लेझर घातलेली गोरीगोमटी मुलं हसताहेत, ती आपल्या शाळेची नाहीत. फोटो जिन्याखालच्या खोलीत मोडक्या बाकांवर आहेत. शिपाईमामांनी खोली उघडून दिली, मी तासभर खाली बसून पाहत होतो. दोन चौकटींना वाळवी लागलेली आहे.

त्यातला सगळ्यात जुना १९२९ चा. सव्वीस मुलं. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी, हा बहुतेकांचा वेश. चौघांना फेटे. दोघांच्या डोक्यावर गोंड्याची तुर्की टोपी. मधे बसलेल्या गुरुजींना पगडी आणि उपरणं. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्यांची पावलं दिसतात, सगळी अनवाणी. डावीकडच्या एकाच्या कोटाची बाही बोटांच्याही खाली आलीय. फोटोपुरता कुणाचा तरी मागून आणलेला असणार. साहेबाचं राज्य ऐन भरात होतं, आणि त्या फोटोत एकाही गळ्यात टाय नाही. ‘ब्रिटिशकालीन’ म्हणजे हे, साहेब.

१९३६ च्या फोटोत गंमत आहे. मागची रांग अजून धोतरात, पुढच्या रांगेत अर्ध्या चड्ड्या आल्या. कोट, टोपी वर तसंच. स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या फोटोंत काळ्या टोप्या जाऊन पांढऱ्या गांधी टोप्या आल्या. आपल्या गावात त्या टोपीला किंमत मोजावी लागली होती. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. चार पुतळ्यांच्या त्या चौकातून आपली शाळेची बस रोज जाते. मुलांना त्या बसमध्ये कोणता वारसा अंगावर घालून बसवायचं, हे मंडळानं ठरवताना एकदा खिडकीतून बाहेर बघायला हरकत नव्हती.

इथे मला प्रामाणिकपणे एक कबूल केलं पाहिजे. आमची खाकीसुद्धा काही आकाशातून पडलेली स्वदेशी नव्हे. खाक म्हणजे धूळ. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या केलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या फौजेला हॅरी लम्सडेननं मातकट कपडे दिले, तिथून हा रंग ब्रिटिश लष्करात पसरला. पुढे पोलीस, जंगलखातं, पोस्टमन. मग बेडन-पॉवेलच्या स्काउटांनी अर्धी चड्डी मुलांच्या अंगावर आणली. १९०९ च्या सुमारास स्काउट हिंदुस्थानात आले तेव्हा ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच होते. आपल्या मुलांना दार बंद, म्हणून अ‍ॅनी बेझंटबाईंनी मद्रासला हिंदी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. म्हणजे आम्ही ज्या चड्डीत वाढलो ती शिपायाची आणि स्काउटाची. शिस्त म्हणून आपल्या गळ्यात मारलेली. नागपूरच्या संघानंसुद्धा २०१६ च्या दसऱ्याला अर्धी खाकी सोडून तपकिरी फुल पँट घेतली, तर शाळेनं सोडू नये असं मी म्हणणार नाही. सहावी-सातवीतल्या मुलांना अर्धी चड्डी नको असते. आम्हालाही नको होती. पायावर केस आले की बाकाखाली पाय लपवायचो. तिला फुल पँट करा, हवं तर रंग बदला. पण खाकीत एक गुण होता. ती सुती होती, मळ दाखवत नव्हती, स्वस्त होती, आणि गल्लीतला कुठलाही मास्तर ती शिवू शकत होता.

राजेरजवाड्यांच्या शाळेचं उदाहरण आपल्यापैकी एका सदस्यांनी पालकसभेत दिलं. अजमेरचं मेयो कॉलेज, १८७५ चं. ते खास साहेबांच्या पुढाकारानं, राजपुत्रांना साहेबी वळण लावायला काढलेलं. तिथेसुद्धा समारंभाचा पोशाख आजही अचकन आणि साफा असाच आहे. उदाहरण द्यायचंच तर पुरतं द्यावं.

दुसरी तक्रार ब्लेझर आणि टायची, म्हणजे खुद्द त्या वस्तूंची. ब्लेझर हा मुळात शाळेचा कपडाच नाही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या होडी वल्हवणाऱ्या क्लबाची मुलं भडक लाल कोट घालायची, विस्तवासारखे दिसायचे म्हणून त्याला ब्लेझर म्हणू लागले. नदीवरच्या गारठ्यातला कपडा तो. टायचीही गोष्ट तशीच. १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या वल्हेकऱ्यांनी आपल्या गवती हॅटची फीत काढून गळ्यात बांधली, आणि शाळा-कॉलेजच्या रंगांचे टाय सुरू झाले, असं सांगतात. दोन्ही थंड प्रदेशातल्या नदीकाठच्या हौशी. आपल्याकडे सिद्धेश्वर तलाव आहे, पण मार्च संपताना सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो. शाळेच्या पश्चिमेकडच्या वर्गांवर पत्रा आहे. पंखे दोन. लोडशेडिंग असेल तर तेही नाहीत.

तरी मी नातवाला एकदा ब्लेझर घालून बसवलं. दुकानातून तासाभराच्या बोलीवर आणला होता. नाटक वाटेल, पण मला बघायचंच होतं. दुपारी दोनची वेळ, आमचा माडीवरचा हॉल. पंधराव्या मिनिटाला त्याच्या शर्टाची पाठ चिकटली. कॉलरमध्ये बोट घालून तो टाय ओढत होता. टाय मात्र मला आवडला. त्याला गाठ मारायची भानगड नाही, गाठ आयतीच शिवलेली आणि मागे इलॅस्टिक. मोहनदास गांधी लंडनला शिकायला गेले तेव्हा रोज दहा मिनिटं आरशासमोर टाय बसवण्यात घालवत, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आपण निदान ती दहा मिनिटं वाचवली.

आणि ज्यांची नक्कल चाललीय त्यांच्याकडे गणवेश कुठून आला, तेही ऐका. इंग्लंडातला सगळ्यात जुना शाळकरी वेश लंडनला सुरू झालेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटलचा. १५५२ ची शाळा, अनाथ-गरीब पोरांसाठी. त्यांना निळे झगे दिले, कारण निळा रंग स्वस्त पडायचा. म्हणजे गणवेशाचा जन्म धर्मादायातला, गरिबाच्या पोराला अंग झाकायला कपडा म्हणून. श्रीमंतीची खूण तो फार उशिरा झाला, आणि आपण नेमकं ते उशिराचं टोक उचललंय.

तिसरी तक्रार लिहिताना हात जड होतो. परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत आहे की सोमवारी ज्यांच्याकडे ब्लेझर नसेल त्यांनी प्रार्थनेला मागच्या रांगेत उभं राहावं.

मागची रांग.

आपल्या महाराष्ट्रात मुलाचा कपडा आणि मुलाची जागा यांचा हिशेब जुना आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. अंगात विलायती धर्तीचे नवे शर्ट, डोक्यावर चमकत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मसूरच्या स्टेशनमास्तरला कपड्यांवरून वाटलं, ब्राह्मणांची मुलं असावीत. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाला मिळेना, मिळाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे. साताऱ्याच्या शाळेत याच मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, हेही त्यांनीच लिहिलंय.

चांगला कपडा तेव्हा कामाला आला नाही, हे खरं. पण १९२९ च्या त्या फोटोत डोकं बघून घर ओळखता येतं, टोपी कुणाची, फेटा कुणाचा. १९७९ च्या माझ्या वर्गाच्या फोटोत ते येत नाही. गिरणी कामगाराचा मुलगा, डॉक्टरांचा मुलगा, पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा आणि मी, चौघे एका रांगेत, चौघांच्या चड्ड्या बहुतेक माझ्याच घरी शिवलेल्या. मी तो फोटो किती तरी वेळ बघत बसलो. गणवेशाचं एवढं एकच काम मला मोलाचं वाटतं, आणि आपण सहा हजार आठशे रुपयांत ते उलटं फिरवून मागची रांग विकत घेताय. माझ्या नातवाला कोट परवडेल. त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाची आई विड्या वळते. हजार विड्यांमागे हातात काय येतं ते मंडळावरच्या सोलापूरकरांना मी सांगायला नको.

चौथी तक्रार दुकानदारीची, ती थोडक्यात. आपलं गाव गणवेश शिवणारं गाव आहे. इथले शिवलेले गणवेश देशभर आणि परदेशातही जातात. चाटी गल्लीत, नव्या पेठेत कापडाला तोटा नाही. असं असताना आपल्या पोरांचे कपडे परगावची कंपनी अ‍ॅपवरून पाठवणार, माप ‘एस, एम, एल’ मध्ये. एका जागी बसून सगळ्यांचे कपडे शिवायचा प्रयोग सरकारनं करून पाहिला. ‘एक राज्य, एक गणवेश’ या नावानं २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांचं कापड एका ठिकाणाहून आलं. कुठे गणवेश दिवाळीपर्यंत पोचले नाहीत, कुठे पोचले ते मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. सरकारला चूक मान्य करता आली, तर आपल्याला का येऊ नये? उत्तर प्रदेशात २०१८ च्या फीविषयक कायद्यानं खासगी शाळांना पाच वर्षं गणवेश बदलायला आणि ठरावीक दुकानातून घ्या म्हणून सांगायला मनाई केली आहे. आपल्याकडे कायद्याचा बडगा दिसल्याशिवाय शहाणपण सुचू नये, असं काही नाही.

(मुलींच्या गणवेशाबद्दल मी इथे बोललेलो नाही. त्यांच्या पिनाफोरबद्दल आणि खिसा नसलेल्या स्कर्टबद्दल वेगळं पत्र लागेल, आणि ते माझ्या सुनेनं लिहिलेलं बरं.)

कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला जुन्याची हौस. मला जुन्याची हौस नाही. खाकी ड्रिल पावसात भिजली की मांड्या सोलून निघायच्या. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर दर शनिवारी पीटीच्या आधी आम्ही फळ्याचा खडू घासायचो, आणि पहिल्या ‘दाहिने मूड’ला मैदानात पांढरी धूळ उडायची. इस्त्रीचा कपडा आमच्याकडे म्हणजे गादीखाली रात्रभर ठेवलेला. चड्डीच्या चेनची फॅशन आली तेव्हा ती दर दोन महिन्यांनी तुटायची आणि ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ म्हणून वर्गभर दंगा व्हायचा; वडील वैतागून पुन्हा बटणांवर आले. यातलं काहीही परत आणा असं मी म्हणत नाही.

मी मागतोय ते एवढंच.

ब्लेझर आणि टाय सक्तीचे करणारं परिपत्रक येत्या जूनच्या आधी मागे घ्यावं. मागच्या रांगेची ओळ तर आजच, वेगळं पत्रक काढून.

नवा गणवेश करायचाच असेल तर तो सुती किंवा निदान जास्त सुताचा असावा, सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळ-दुपार दोन्ही शाळांत घालता येईल असा. ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या सभेत तो कापडासकट मांडावा, आणि सातवी ते नववीच्या चार मुलांना तिथे बोलू द्यावं. घालायचा त्यांना आहे.

रंग, कापडाचा प्रकार आणि खिशावरचं बोधचिन्ह एवढं शाळेनं ठरवावं आणि सूचनाफलकावर लावावं. नमुना म्हणून कापडाचा तुकडा फलकाला टाचावा. कुठून घ्यायचं आणि कुणाकडून शिवायचं ते पालक बघतील. परगावच्या कंपनीशी करार झाला असेल तर तो काय आहे, त्यात शाळेला काय मिळतं, हे पालकांना दाखवावं. काही मिळत नसेल तर तसं लिहून द्यावं, मी जाहीर माफी मागेन.

जुना गणवेश असलेल्या मुलांना तो फाटेपर्यंत चालू द्यावा. एका वर्गात दोन रंग दिसले तर शाळा पडणार नाही. १९३६ च्या फोटोत धोतर आणि चड्डी एकाच वर्गात होती.

आणि ते फोटो पुन्हा व्हरांड्यात लावावेत. चौकटींचा आणि वाळवीच्या औषधाचा खर्च आमची १९७९ ची बॅच करेल. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघे जण जिन्याखालच्या खोलीशी येऊ. किल्ली शिपाईमामांकडे ठेवावी, ही विनंती. फोटो घरी नेणार नाही, तिथेच पुसून नावं आणि सालं लिहून ठेवू. १९२९ च्या फोटोमागे पेन्सिलीनं लिहिलेली सोळा नावं अजून वाचता येतात, बाकीची दहा कुणाला ठाऊक असतील तर त्यांनीही यावं.

कळावे,

आपला नम्र,
मास्तरांचा मुलगा
(माजी विद्यार्थी, १९७९)